चाफ्यांखालचा मोथा

आमच्या कॉलनीच्या लॉनमध्ये मोथा मी आणला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात माझी बाजू काही फार शोभेची नाही. मोथा आला मातीतून. मोकळ्या प्लॉटवर लॉन करायचं ठरलं तेव्हा कुणीतरी नाल्याकाठची माती ट्रॅक्टरनं आणवली, तिच्यावर गवत लावलं, आणि वर्षाच्या आत गवताच्या डोक्यावर मोथ्याच्या तीनधारी काड्या उभ्या राहिल्या. मोथा म्हणजे तणातली महाहट्टी जात. वरून ओढला की पान हातात येते आणि गाठ खाली आरामात बसून राहते.

चाफे मात्र मी आणले. सहा. नोकरीची शेवटची वर्षं मी आमच्याच जिल्ह्यातल्या प्रतापगडाकडच्या एका खेड्यातल्या शाळेत मास्तरीण होते. त्या शाळेच्या फाटकाशी पांढऱ्या चाफ्याचं मोठं झाड होतं. निवृत्तीच्या दिवशी लोकांनी शाल दिली, नारळ दिला, आणि मी म्हटलं, मला या झाडाच्या सहा फांद्या पाहिजेत. एसटीत त्या मांडीवर घेऊन गोंदियापर्यंत आले. कंडक्टरनं विचारलं, बाई, जळतन कायले नेऊन राहिल्या? मी त्याच्याकडं असं पाहिलं की त्यानं पुढं तिकिटाशिवाय काही विचारलं नाही. त्या सहाही फांद्या लॉनमध्ये जगल्या, माझ्या डोक्याच्या वर गेल्या आणि उन्हाळाभर फुलायला लागल्या. माझी सगळी नोकरी तिथं उभी आहे असं मला वाटायचं. अजूनही वाटतं, लपवायचं कशाला?

तर एका पावसाळ्याच्या तोंडी कॉलनीच्या सेक्रेटरींनी विषय काढला. भला माणूस. राइस मिलमध्ये मशीनची कामं पाहतात, कॉलनीची मोटर बिघडली की स्वतः पाना घेऊन बसतात. पण त्यांच्या डोळ्यांत गट्टू भरले होते. ते सिमेंटचे रंगीत ठोकळे एकदा अंथरले की काम संपलं, मोथा नाही, चिखल नाही, गाड्या उभ्या करायला जागा होते. चाफे बरोब्बर प्लॉटच्या मधोमध. गट्टू आले असते तर चाफे गेले असते, यात शंकाच नव्हती. पुष्कळ वादावादीनंतर असं ठरलं, की दिवाळीनंतरच्या सभेपर्यंत लॉन साफ झालं तर राहील, नाही झालं तर गट्टू.

मी छातीला हात लावून सांगितलं, होईल. मी धानवाल्याची लेक आहे, तण मला शिकवू नका.

आता माझी अक्कल ऐका. आमच्याकडं धानाच्या बांधीत, म्हणजे खाचरात, तण दाबायचं तर पाणी भरून ठेवतात. धुरा, म्हणजे मातीचा बांध, घालायचा, पाणी अडवायचं, तण गुदमरते, धान वर येते. लहानपणापासून मी हेच पाहिलं. मग लॉनसुद्धा गवतच की! मी मजुराकडून लॉनच्या चारी बाजूंनी वीतभर उंच धुरा घालून घेतला. सेक्रेटरी तर हरखून गेले, त्यांनी स्वतः बोअरची मोटर सुरू केली. वरून पाऊस होताच. घोट्याइतक्या पाण्यात लॉन दहा-बारा दिवस उभं राहिलं. कॉलनीतले लोक गच्चीवरून पाहायचे आणि मी काठाकाठानं तोऱ्यात फिरायची. तरोटा मेला, बारीकसारीक पानाचं तण मेलं. वाहवा झाली. मी चढून गेले.

तेराव्या दिवशी मोथा हसत वर आला. त्याला काय, तो नाल्याकाठचाच. लॉनचं गवत पिवळं पडलं होतं. आणि चाफ्यांची पानं गळायला लागली. एकाच्या बुंध्याला बोट लावलं तर ते आत गेलं, उकडलेल्या बटाट्यात जातं तसं.

घरात येऊन भावाला फोन लावला. तो गावी शेती करतो. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाई, धान पाण्यात राहते. चाफा राहते का? तू पोराईले इतके वर्षं काय शिकवून राहिली होतीस?"

मी रागानं फोन ठेवला, आणि मग दोन तास भिंतीकडं पाहत बसले. सहा फांद्या मी इतक्या दुरून आणल्या, वाढवल्या, आणि माझ्याच शहाणपणानं बुडवल्या. त्याच संध्याकाळी धुरा फोडला, नाली काढून पाणी रस्त्याकडं सोडलं. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींनी विचारलं की झाडांना काय झालं. मी म्हटलं, यंदा पाऊस लय झाला. त्यांनी मान हलवली. हां मॅडम, बारिश तो हुई. धुरा सगळ्यांनी पाहिला होता, पण त्याचा झाडांशी संबंध कुणी लावला नाही. माझं खोटं पावसानं आपल्या अंगावर घेतलं, आणि मी घेऊ दिलं.

पुढच्याच आठवड्यात ते एका फवारणीवाल्याला घेऊन आले. पाठीवर पंप, हातात धानातलं तणनाशक. माणूस म्हणे, मॅडम, धानाला काही होत नाही, म्हणजे तुमच्या गवतालाही नाही, फक्त मोथा आणि रुंद पानाचं तण जाते. बोलणं खरंच होतं. पण मी नळी धरली. हातानं धरली, अक्षरशः. कारण मला भावाच्या धुऱ्यावरची तूर आठवली. आमच्याकडं बांधीत धान आणि धुऱ्यावर तूर असते. एकदा शेजाऱ्यानं वारं असताना आपल्या धानात हेच औषध मारलं, त्याचं धान टवटवीत राहिलं आणि आमच्या तुरीची पानं वळून वळून द्रोणासारखी झाली. शेंग धरली नाही. चाफा तुरीच्या बाजूचा आहे, धानाच्या नाही. पान रुंद आहे त्याचं. आणि त्याची मुळं लॉनच्या खालीच पसरलेली, वर मारलेलं खाली उतरणार नाही याची हमी कोण देणार? फवारणीवाला म्हणाला, थोडंसंच मारतो. मी म्हटलं, आधी तुझ्या अंगणातल्या तुळशीवर थोडंसं मार, मग ये. तो पंप घेऊन गेला. सेक्रेटरी चिडले, दिवाळी दूर नाही म्हणाले, आणि तेही गेले.

मग मी ठरवलं, धानाचंच घ्यायचं, पण पाणी नाही. निंदण.

निंदणाचं एक शास्त्र असतं. एकटीनं इकडं चार, तिकडं चार उपटून काही होत नाही. बायका एका ओळीत बसतात, प्रत्येकीची पात, म्हणजे तिचा पट्टा, ठरलेली, आणि ओळ पुढं सरकते. मागं काही राहिलं तर ते कुणाच्या पातीतलं, हे लगेच दिसतं. पुन्हा काही दिवसांनी तीच ओळ, तीच पात. मोथ्याला असंच छळावं लागतं. पाच-सहा पानं फुटायच्या आत ओल असताना खुरपीनं गाठीसकट काढायचा. गाठ राहिली तर पुन्हा फुटतो, पुन्हा काढायचा. प्रत्येक वेळी गाठीतलं बळ कमी होते. तो दमेपर्यंत आपण दमायचं नाही, एवढंच.

पण कॉलनीतल्या बायका खुरपी धरणार कशा? कुणाचा नवरा बँकेत, कुणाचा रेल्वेत. पहिल्या सकाळी मी एकटीच बसले. दुसऱ्या सकाळी समोरच्या बिल्डिंगमधल्या वहिनी खाली आल्या. रेल्वेतून निवृत्त झालेल्यांच्या पत्नी, नेहमी कडक इस्त्रीची साडी. पिशवीतून त्यांनी झिजलेली खुरपी काढली आणि माझ्या डाव्या हाताला बसल्या. मी पाहतच राहिले. त्यांचा हात इतका चालत होता की माझी पात मागं पडली. काही वेळानं त्या खाली बघूनच म्हणाल्या, "लहानपणी आई मजुरीनं निंदायला जायची, मीही जायची. इथं कुणाले सांगितलं नाही कधी, बाई."

मी म्हटलं, वहिनी, आता सगळ्या कॉलनीला दिसून राहिलं. त्या हसल्या. मग त्यांनीच वर तोंड करून गच्चीवरच्या बायकांना हाका मारल्या, मजा काय बघता, उतरा खाली. आठवडाभरात नऊ जणी झाल्या. चिडवाचिडवी इतकी की रस्त्यावरचे लोक थांबायचे. एकीनं सारी सकाळ मोथा समजून लॉनचंच गवत उपटलं. तिला वहिनींनी नाव ठेवलं, ते इथं लिहीत नाही. मोथ्याची काडी दोन बोटांत फिरवली की तीन धारा लागतात, गवताला लागत नाहीत, हे तिला शिकवलं, आणि पुढं तीच सगळ्यात पटाईत झाली.

कापणीवाल्याशीही भांडले. तो लॉन पार कातडीपर्यंत सोलायचा, त्यामुळं गवत विरळ आणि मोथ्याला ऊन. मशीनचं पातं वर करायला लावलं. गवत दाट झालं, सावली पडली, नवं तण कमी उगवायला लागलं. आणि त्याच्या त्या तार फिरणाऱ्या मशीननं चाफ्यांच्या बुंध्यांची साल सगळीकडून ओरबाडलेली होती, कूज तिथूनच आत शिरली होती. मग प्रत्येक चाफ्याभोवती हातभर गोल गवत काढून टाकलं, म्हणजे मशीन जवळ यायचं कामच नाही. त्या गोलात वाळलेली पानं पसरली, बुंध्याला न लागतील अशी. बुंध्यापासची चिकट माती खरवडून हवा लागू दिली. कुजलेलं धारदार सुरीनं निरोगी भागापर्यंत कापून काढलं. पाणी बंद.

एक चाफा गेलाच. भादव्यात एका सकाळी माझ्या हाताच्या टेकूवर कलला आणि आडवा झाला. मी तिथंच ओल्यात बसून रडले. वहिनींनी त्याच्या वरच्या निरोगी फांद्या कापल्या आणि पुढं लावण्याआधी चीक वाळावा म्हणून जिन्याखाली सावलीत ठेवून दिल्या.

फाटकाजवळचा एक पट्टा मात्र हाताला दाद देईना. गाठी खोल, खडीत अडकलेल्या. झाडांपासून लांब होता. मी सेक्रेटरींकडं गेले आणि म्हटलं, तुमचं औषध आणा, पण पंप नाही. ते चकित झाले. त्या पट्ट्यावर आठ-दहा दिवस मशीन फिरवू दिलं नव्हतं, त्यामुळं मोथा गवताच्या वर डोकं काढून होता. काठीला चिंधी गुंडाळली, औषधात बुडवून थेंब गळणार नाही इतकी पिळली, आणि वारा नसलेल्या सकाळी फक्त त्या वरच्या पानांना पुसायची. हातमोजे घालून सेक्रेटरी स्वतः गुडघ्यांवर बसले. पान न् पान पुसलं. त्यांना मशीनची सवय, काम एकदम नीट. पंधरा दिवसांत पट्टा पिवळा पडला. मी त्यांची पाठ थोपटली आणि ते लाजले.

दिवाळी झाली. सभा लॉनवरच ठेवली. खुर्च्या मांडल्या होत्या, पण लोक गवतावर बसले. पाच चाफे नव्या पानांनी उभे. मोथा शोधायचा तर वाकून शोधावा लागत होता. लोक येऊन मला आणि बायकांना शाबासकी देऊन राहिले होते, कुणी म्हणे, इतक्या पावसातून झाडं वाचवली, कमाल आहे. एकदा, दोनदा, पाचदा. मतदानाला बसायच्या आधी मी उभी राहिले. जन्मभर पोरांना खोटं बोलू नका म्हणत आले, आणि आता खोट्यावर जिंकायचं?

मी सांगितलं, "पावसानं नाही. झाडं मी बुडवली. धुरा मी घालून घेतला. एक चाफा मेला तो माझ्यामुळं. मत देण्याआधी हे माहीत असू द्या."

मी खाली बसले. वाटलं, गेले. आता म्हणतील, बाईलाच कळत नाही तर लॉन कशाला ठेवायचं?

सेक्रेटरी उठले. माझ्याकडं न पाहता लोकांना म्हणाले, "मोटर मैंने चलाई थी. मॅडम ने डुबाया, मैंने पानी दिया. मगर बचाया किसने? गट्टू के लिए जिसको हाथ उठाना है, उठाए." आणि स्वतःचे दोन्ही हात त्यांनी पाठीमागं बांधले.

एकही हात वर झाला नाही. मग त्यांनी विचारलं, लॉन राहू द्यायचं कुणाला वाटतं? वहिनींचा हात आधी गेला, मग आमच्या बाकीच्या जणींचे, मग सगळ्यांचे. सेक्रेटरींचे पाठीमागं बांधलेले दोन्ही हातही सुटून वर गेले. मी किती खूश झाले ते सांगता येत नाही, माझ्या नोकरीच्या निरोपालाही मी इतकी खूश नव्हते.

सभेचं इतिवृत्त लिहायला कुणी तयार होईना, म्हणून वही माझ्याकडं आली. मी लिहिलं: गट्टूंचा ठराव नामंजूर. चाफे कायम. आणि 'कायम' या शब्दाखाली, पोरांच्या वह्यांत ओढायची तशी, दोनदा रेघ ओढली.