आंटीजींनी पाठीवर घेतलेलं दप्तर

मुलांनो, दप्तराने पाठ दुखते असं तुम्ही काल फोनवर म्हणालात, म्हणून गाझियाबादच्या आमच्या शेजारणीबद्दल लिहिते आहे. सगळे त्यांना आंटीजीच म्हणत. नव्या वसाहतीत त्या तळमजल्यावर राहायच्या आणि सकाळी दारात मटार सोलत येणाऱ्याजाणाऱ्याला टोकायच्या. तुमचा बाबा तेव्हा तिसरीत होता. ओझ्याने त्याचा एक खांदा कलला होता.

"अरे, स्कूल जा रहा है कि घर बदल रहा है?" त्या रोज विचारत.

ओझं कमी करा, असं डॉक्टर सांगत. सगळी पुस्तकं रोज हवीत, असं शाळा म्हणे. एके सकाळी आंटीजींनी ते दप्तर स्वतःच्या पाठीवर चढवलं आणि माझ्यासोबत थेट शाळेत आल्या. मुख्याध्यापिकांनी खुर्ची पुढे केली.

"बैठूँगी नहीं जी. पहले आप इसे पहनकर सीढ़ी चढ़ो."

मुख्याध्यापिका दप्तर पाठीवर घेऊन हसत निघाल्या आणि अर्ध्या जिन्यातच थांबल्या. त्याच आठवड्यात वर्गात पुस्तकांसाठी कपाट आलं.

मी आभार मानायला गेले, तर आंटीजींनी मटारचं ताट माझ्याकडे सरकवलं. "बातें छोड़ो, ये छीलो."

त्या आता नाहीत. तुमच्या बाबाचे दोन्ही खांदे सरळ आहेत.