शेऱ्याच्या रकान्यातला आंबा

माझ्या सासऱ्यांच्या बांधावर आंब्याचं एक झाड आहे आणि त्याचा एकही आंबा मला मिळणार नाही, असं सरकारी कागदावर लिहिलेलं आहे. लिहिणारा मीच.

तेव्हा परतूरच्या तहसील कचेरीत सातबाऱ्यांसाठी कंप्युटर आला होता. त्याला काचेची खोली होती, एसी होता, आणि चपला बाहेर काढल्याशिवाय आत प्रवेश नव्हता. (कचेरीत तोवर एवढा मान फक्त भिंतीवरच्या गणपतीला होता, आणि त्यालाही एसी नव्हता!) हातानं लिहिलेले सातबारे आता त्यात भरायचे होते. मी शाळामास्तर. पण कंप्युटरचा तीन महिन्यांचा कोर्स केल्यामुळे तालुक्यात या विषयातला जाणकार मीच, असा माझा समज होता. तो मी तहसीलदारांपर्यंत पोचवला आणि माझी तिथे नेमणूक झाली.

सासऱ्यांना (आम्ही त्यांना मामा म्हणतो) पंधरा वर्षांत प्रथमच माझा काही उपयोग दिसला. बांधावरचा आंबा त्यांच्या आजोबांनी लावलेला. पण जुन्या सातबाऱ्यावर विहीर होती, झाड नव्हतं. त्यामुळे शेजारचा परसराम दर मोसमात बांधावर उभा राहून म्हणायचा, "आधी कागद दाखवा, मंग पाडाचे आंबे खा!"

"मास्तर," मामा म्हणाले (जावईबापू ते मला फक्त लग्नाच्या दिवशी म्हणाले होते), "माझं झाड त्या डब्ब्यात घालता येतं का?"

"तसं न्हाई चालत, मामा. तलाठी पंचनामा करील, मंग नोंद."

"मंग तुमचा काय फायदा?"

हा प्रश्न मला घरी आणि शाळेतही विचारला जातो. उत्तर अजून सापडलेलं नाही.

तरी मी एक केलं. उद्घाटनाच्या दिवशी जिल्ह्याहून येणाऱ्या मोठ्या साहेबांच्या हस्ते पहिला छापील सातबारा मामांना मिळेल, अशी व्यवस्था लावली. आदल्या दिवशी चाचणी होती. शेऱ्याच्या रकान्यात लांब मजकूर मावतो का, हे बघायचं होतं. नमुना म्हणून मी मामांचाच गट उघडला आणि टाइप केलं : 'बांधावर आंब्याचे झाड एक. फळ गोड असल्याची ऐकीव माहिती. खातेदार तापट. जावयास अद्याप एकही आंबा दिलेला नाही व देण्याची शक्यता दिसत नाही.'

मजकूर छान मावला. चाचणीला बसलेले दोन कारकून पोट धरून हसले. कोर्समध्ये शिकवलं होतं, काहीही करा, आधी सेव्ह करा. मी सेव्ह केलं. पुसायचं बहुधा चौथ्या महिन्यात शिकवत असावेत! तेवढ्यात वीज गेली आणि आम्ही चहाला गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडपात मामा पहिल्या रांगेत बसलेले. डोक्याला नवा फेटा. शेजारी परसराम, "कागद बघायला" मुद्दाम आलेला. फेट्याचा तुरा दिसला आणि मला एकदम शेरा आठवला. चपला भिरकावून मी काचेच्या खोलीत शिरलो. कंप्युटरला झेंडूचा हार, प्रिंटरवर स्वस्तिक, पुढ्यात नारळ, आणि कीबोर्डवर आडवी लाल फीत!

"ओ मास्तर, हात न्हाई लावायचा! पूजा झाली," नायब तहसीलदार ओरडले.

"साहेब, एक ओळ पुसायची आहे."

"सकाळीच फडकं मारलंय."

"आतली ओळ, साहेब! आतली!"

"आतलं न्हाई, बाहेरचं न्हाई. तुमचं बोट आधी लागलं तर उद्घाटन कुणाच्या हस्ते झालं म्हणायचं? तुमच्या?"

आयुष्यात पहिल्यांदा मी वीज जावी म्हणून देवाला हात जोडले. पण साहेब येणार म्हणून त्या दिवशी वीज जाणार नव्हती!

साहेबांनी फीत कापली, चुकू नये म्हणून कुंकू लावून ठेवलेलं एकच बटण दाबलं. प्रिंटर कर्रकर्र करत माझी अब्रू ओळीओळीनं बाहेर काढू लागला. साहेबांनी तो कागद माइकवर, खणखणीत आवाजात, शेऱ्यासकट वाचला. मंडप गदागदा हसला. माझ्या बायकोनं, सुमननं, पदर तोंडाला लावला. ती हसत होती की रडत होती, हे विचारायचं धाडस मी अजून केलेलं नाही.

साहेब मात्र वाचत होते, ऐकत नव्हते. हशा म्हणजे दादच, असं समजून ते म्हणाले, "पाहिलंत! शासनाकडे आता किती बारीक माहिती आहे! यालाच म्हणतात पारदर्शकता!" आणि त्यांनी कागदावर सही ठोकली. शिक्काही मारला.

मामांनी कागद हातभर लांब धरून दोनदा वाचला. मी चपला शोधू लागलो. त्या चोरीला गेल्या होत्या.

मामा माझ्याकडे न बघता परसरामाकडे वळले. "वाच! 'बांधावर आंब्याचे झाड एक.' सही हाय, शिक्का हाय. बराबर?"

"पण खाली लिव्हलंय, खातेदार तापट..."

"ते बी बिलकुल बराबर हाय!" मामा गरजले.

परसराम विचारात पडला. मग हळूच म्हणाला, "मशीनला तुमच्या घरातलं एवढं ठावं हाय, तर झाडाचं खोटं कसं असंल?"

आणि वीस मोसमांचं भांडण तिथेच मिटलं!

मी धावत गेलो. "मामा, ती चाचणी होती, कागद द्या, दुरुस्त करून देतो!"

"दुरुस्ती? खबरदार!"

पुढे तलाठ्यानं रीतसर पंचनामा केला, झाडाची नोंद ठेवली आणि माझं साहित्य पुसलं. पण मामांनी नवा कागद घेतलाच नाही. परसरामाचा विश्वास साहेबांच्या सहीच्या कागदावर होता. तो फ्रेम करून त्यांनी बैठकीत लावला.

त्या मोसमात मामांनी गावभर आंबे वाटले. परसरामाच्या घरीसुद्धा पाटी गेली. मीही हात पुढे केला. मामांनी फ्रेमकडे बोट दाखवलं.

"मास्तर, तुम्हीच लिव्हलंय, देण्याची शक्यता दिसत न्हाई. आता तुम्हाला दिला तर ती ओळ खोटी पडंल. आन् शेवटची खोटी पडली, तर परसराम म्हणंल पहिली बी खोटी!"

तेव्हापासून दर मोसमात सुमन माहेरी जाते, मनसोक्त आंबे खाते आणि परत आल्यावर मला सांगते, "यंदा फारच गोड होते हो!"

म्हणजे माझी तीही नोंद खरीच आहे. फळ गोड असल्याची माहिती मला अजून ऐकीवच आहे.