परत न घेतलेली टेस्ट

इंदूरच्या डोळ्यांच्या दवाखान्यातल्या एका अंधाऱ्या खोलीत यशोधरेनं बावीस वर्षं काढली. शेकडो जणांचा काचबिंदू तिच्या हातून वेळेत पकडला गेला, आणि सख्ख्या भावाचा सुटला. नशिबाला बोल लावायचीही सोय नाही, कारण तो तिनंच सोडला.

काम तसं कंटाळवाणं, फील्ड टेस्ट घ्यायची, म्हणजे समोर बघताना बाजूचं किती दिसतं ते तपासायचं. पेशंटनं पांढऱ्या घुमटासारख्या मशीनला हनुवटी टेकायची, एक डोळा झाकायचा, नजर मधल्या खुणेवर ठेवायची, आणि आजूबाजूला कुठंही प्रकाशाचा ठिपका चमकला की बटण दाबायचं. ठिपके फिके होत होत इतके फिके होतात, की चांगल्या डोळ्यांनाही त्यातले निम्मे दिसत नाहीत. नाहीतर नजर कुठं संपते ते कळणार कसं? पण लोकांना हे पटेल तर शपथ! "मॅडमजी, बीच में लाईट गई थी क्या?" हे रोज दहा वेळा ऐकायचं.

तीन वर्षांपूर्वी तिथल्या डॉक्टर नीरजा मॅडमनी एक अभ्यास काढला. चांगल्या नजरेच्या दोनशे माणसांची ही टेस्ट घ्यायची, म्हणजे कोणत्या वयाला बाजूचं किती दिसायला हवं याचा आपल्याकडचा तक्ता होईल. तरुण पोरं ढिगानं आली. साठीपुढचे मिळेनात, ज्याला बघावं त्याला मोतीबिंदू, नाहीतर शुगर. शेवटी यशोधरेनं घरचाच माणूस नेला, थोरला भाऊ अच्युतदादा.

दादा म्हणजे काय सांगावं! वडील गेले तेव्हा यशोधरा अकरावीत होती. दादानं महूच्या शाळेत गणित शिकवायची नोकरी धरली, जन्मभर इंदूर-महू अप-डाउन केलं आणि बहिणीला डिप्लोमा करवला. तिचं लग्न जमलं नाही तेव्हा म्हणाला, "हे घर तुझंच आहे. कोणी काही बोललं तर मला सांग." कोणाची बोलायची प्राज्ञा झाली नाही. फक्त माणूस महातापट. त्याची चूक दाखवली की अबोला, आणि सगळं घर चवड्यांवर चालणार. पन्नाशी आली तरी यशोधरा त्या अबोल्याला भ्यायची.

मशीनवर दादा बोर्डाच्या परीक्षेला बसावं तसा बसला. एकही ठिपका सुटला तर मार्क जातील ना! ठिपका असो-नसो, बटण दाबतच सुटला. कागदावर छापून आलं, टेस्ट भरवशाची नाही. नीरजा मॅडमनी डोळ्याच्या आत बघितलं. "डोळ्यांचं प्रेशर ठीक आहे. पण नस जरा शंकास्पद वाटतेय. फील्ड परत घ्या यशोधराजी, नक्की."

ती बाहेर आली. बाकावरून दादानं विचारलं, "काय, फर्स्ट क्लास ना?"

"दादा, एकदा परत..."

"परत? मतलब मी नापास?" आवाज असा चढला की अख्खी रांग वळून बघायला लागली. "पासष्ट वर्षांत लांबचा चश्मा लागला नाही मला!"

"नाही रे, सगळं नॉर्मल आहे," यशोधरा म्हणाली. "मशीनच खराब आहे मेलं."

महिन्याभरात गोडीगुलाबीनं परत आणू, असं तिनं मनाशी ठरवलं. मॅडमना सांगितलं, भाऊ बाहेरगावी गेलाय. त्याच्या जागी सिमरोलचे एक रिटायर पोस्टमन बसवले आणि तक्ता पूर्ण झाला. मग दिवाळी आली, मग कोणाचं लग्न, मग राहूनच गेलं. राहून कसलं गेलं, तिनं राहू दिलं! दादा मात्र बड़ा गणपतीजवळच्या गल्लीत सांगत फिरायचा, "आमच्या यशूनं स्वतः तपासलीय नजर. एकदम टकाटक!" ती खाली मान घालून ऐकायची.

यंदा डावीकडून आलेली ई-रिक्शा त्याला दिसलीच नाही. स्कूटर आडवी झाली, गुडघा फुटला. महिन्यात दुसऱ्यांदा. मग मात्र यशोधरेनं त्याला हाताला धरून नेलं.

या वेळी दादा शहाण्यासारखा बसला. दिसला ठिपका की दाबायचं, नाही दिसला तर गप्प. तो फार वेळ गप्प होता. शेजारी स्क्रीनवर काळं वाढत चाललेलं यशोधरा बघत राहिली.

"काचबिंदू आहे," नीरजा मॅडम म्हणाल्या. "गेलं ते परत येणार नाही. थेंबांनी उरलेलं सांभाळू. आधी कधी तपासलं होतं?"

"तीन वर्षांपूर्वी," दादा ताठ बसून म्हणाला. "यशूनंच. तेव्हा सगळं नॉर्मल होतं."

मॅडमनी यशोधरेकडे बघितलं आणि औषध लिहिलं.

जिन्यापाशी यशोधरेनं सगळं सांगून टाकलं. नस, बाहेरगावचं खोटं, पोस्टमन, सगळं. दादानं ओरडावं म्हणून ती थांबली. तो ओरडला नाही.

"तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तू रागावला असतास."

दादानं कठड्यासाठी हात पुढे केला, तो सापडायला जरा वेळ लागला.

"रागावलो असतो गं," तो म्हणाला. "आणि मग आलो असतो."