दाजींची गुरुवारची ट्रायल

ज्या वस्तूत काही बिघाड नाही, ती वस्तू आमच्या दाजींना अपुरी वाटते. घरात नवा पंखा आला तर तो नुसता फिरतोय याचं त्यांना वाईट वाटतं. तो जरा खरखरायला लागला की दाजी त्याच्याखाली खुर्ची ओढून बसतात, डोळे मिटतात आणि एखादा जुना मित्र भेटल्यासारखे खूश होतात. दाजी म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान. माझा नवरा त्यांना दाजी म्हणतो म्हणून मीही म्हणते, आणि आता निगडी प्राधिकरणातली त्यांची सगळी गल्लीच म्हणते. चाकणच्या एका कंपनीत इंजिनांच्या चाचण्या घेण्यात त्यांचं नोकरीचं आयुष्य गेलं. निवृत्त झाल्यावर लोक बागकाम करतात, हास्यक्लबात जातात. दाजींनी आपल्या जुन्या, लहानशा पेट्रोल गाडीला टर्बो बसवला.

टर्बो म्हणजे काय, हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलंय की मी झोपेतही सांगेन. इंजिनातून वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरवायचा आणि त्या पंख्यानं इंजिनात जास्तीची हवा कोंबायची. पंगतीत आग्रह करून वाढतात, तसं. टर्बो कुदळवाडीच्या भंगारातून आला, पाईप भोसरीहून आले आणि गाडीच्या कॉम्प्युटरला एका ओळखीच्या गॅरेजवाल्यानं नवे धडे दिले. मग आग्रह झालेला पाहुणा वागतो तशी ती गाडी वागायला लागली. हळू चालवली तर शहाण्यासारखी चाले. जोर दिला की ढास लागल्यासारखी अडखळायची. याला गॅरेजात ‘मिसिंग’ म्हणतात. शिवाय अ‍ॅक्सिलरेटरवर पाय एका जागी ठेवला तरी ती आपली आपणच पुढं झेप घ्यायची आणि पुन्हा मागं ओढायची. सिग्नलला उभी असली तरी इंजिनाचे फेरे दाखवणारा आरपीएमचा काटा झोपाळ्यासारखा वर-खाली. दाजींचं निदान ठाम होतं. “वहिनी, लक्षणं दोन दिसतात, पण रोग एकच आहे. तो सापडला की दोन्ही जातील.”

रोग शोधायची त्यांची पद्धतही ठरलेली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. ट्रायल घ्यायची. फरक पडला नाही तर जुनं होतं तसं परत बसवायचं, आणि मगच पुढच्या गोष्टीला हात लावायचा. कंपनीत या शिस्तीबद्दल त्यांना मान होता. घरात तिचा उपद्रव होता. एकदा त्यांना खोकला झाला आणि डॉक्टरांनी तीन औषधं दिली. दाजींनी ती एकेक आठवडा एकेक अशी घेतली. “तिन्ही एकदम घेऊन बरा झालो, तर श्रेय कुणाला द्यायचं?” श्रेय ठरेपर्यंत खोकला घरजावयासारखा राहिला आणि शेवटी कंटाळून आपणहून गेला. तो कुठल्याच औषधाच्या नावावर लागला नाही, याचं दाजींना दुःख झालं.

दुसऱ्यांच्या इंजिनांनाही ते सोडत नसत. थेरगावला डांगे चौकात एकदा आम्ही सिग्नलला उभे असताना ते गाडीतून उतरले आणि शेजारच्या गाडीच्या काचेवर टकटक करून म्हणाले, “साहेब, तुमचा एक सिलिंडर झोपलाय. ऐका नीट.” तो माणूस म्हणाला, “काका, सिग्नल सुटलाय, आणि तुमची तर अख्खी गाडीच झोपलीय. ती उठवा आधी!” खरंच आमची बंद पडली होती. मागून हॉर्नचा गजर. दाजी शांतपणे परत येऊन बसले आणि मला म्हणाले, “माणूस रागीट होता, पण निरीक्षण बरोबर होतं.”

माझ्या नणंदबाईंनी, म्हणजे ताईंनी, या गाडीत बसणं सोडलं ते देहूरोडमुळं. तळेगावला एका मुंजीला दोघं निघाले होते, ताई पैठणीत. लष्करी हद्दीच्या एका फाटकासमोर दाजींनी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला आणि सायलेन्सरमधून असा बार उडाला की पहाऱ्यावरचा जवान बंदूक सावरत धावत आला.

“क्या फटा?”

“कुछ नहीं फटा. पेट्रोल ज्यादा हो गया,” दाजी आनंदानं म्हणाले. त्या आवाजातून त्यांना काहीतरी नवीन समजलं होतं. जवानाला समजलं नाही. त्यानं डिकी उघडायला लावली. डिकीत वायरींची भेंडोळी, प्रेशर मोजायचं घड्याळ आणि काळी टेप गुंडाळलेले पाईप. बघणाऱ्याला काय वाटेल ते वाटो. ते सगळं रस्त्याकडेला मांडून दाखवेपर्यंत ताई पैठणीत उन्हात उभ्या, आणि मुंजीला निघालेली सगळी भावकी गाड्यांतून हात हलवत पुढं जातेय. शेवटी जवानच कळवळून म्हणाला, “माताजी, आप बस से क्यों नहीं जातीं?” ताईंना ते पटलं. त्या बसनं गेल्या. संध्याकाळी त्यांनी जाहीर केलं, “ही गाडी बरी झाल्याशिवाय मी तिच्यात पाय ठेवायची नाही.” आमच्या ताई बोललेलं मोडत नाहीत.

दाजी त्यावर हसले, पण त्यांना ते लागलं होतं. कारण हा टर्बोचा सगळा खटाटोप ताईंसाठीच होता. नव्या लग्नात दोघं स्कूटरवरून खोपोलीहून येताना बोरघाटात स्कूटरनं दम टाकला, आणि ताईंना उतरून चढ चालावा लागला. “एक दिवस तुला हा घाट एका दमात चढवीन,” असं दाजी तेव्हा म्हणाले होते. त्यानंतर ताई तो घाट कितीतरी वेळा बसनं आणि दुसऱ्यांच्या गाड्यांनी चढल्या. दाजी ते जमेस धरत नसत. “त्यात माझं काय?” म्हणत.

ताईंची जागा मग माझ्याकडं आली. मी भोसरीच्या एका कारखान्यात खरेदी विभागात आहे. एमआयडीसीला सुट्टी गुरुवारची. नवरा ऑफिसला, मुलं कॉलेजला, रस्ते मोकळे. दाजींना इंजिन ऐकायचं असे, म्हणून गाडी चालवायला दुसरं कुणीतरी हवं. मी रोज ट्रेलरांच्या मधून गाडी काढते, त्यामुळं माझ्यावर त्यांचा विश्वास. बंद कारखान्यांच्या रस्त्यांवरून आम्ही फेऱ्या मारायचो. दाजी डाव्या खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडायचे, “दाबा! दाबा वहिनी! सोडू नका! आता सोडा!” आणि फाटकावरचे वॉचमन स्टुलावरून उठून बघायचे. एकदा हवा कुठून गळते ते शोधायला दाजींनी थंड इंजिनाच्या पाईपांत धुपाचा धूर भरला. ताई दारात येऊन म्हणाल्या, “देवाला उदबत्ती नाही, आणि हिची आरती चाललीय!” धूर कुठूनच बाहेर आला नाही. दाजी हिरमुसले. पुढं कळलं ते असं, की टर्बोचा खालचा पाईप जोर पडल्यावरच सांध्यात उघडायचा. धुपाच्या धुराला तेवढा जोर कुठला?

असे गुरुवार जात राहिले. आणि एक दिवस दाजी गंभीर चेहऱ्यानं म्हणाले की गाडीची पंधरा वर्षं भरतात. आरटीओत पुन्हा पासिंग करायचं तर टर्बो उतरवून गाडी कागदावर आहे तशी करावी लागेल. आयुष्यात एवढा एकच नियम त्यांनी वाकवला होता आणि त्याची त्यांना मनातून लाजही होती. त्यामुळं तारीख चुकवायचा विचार त्यांच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं. पण टर्बो उतरला की रोगही गेला आणि घाटही गेला. त्या दिवशी ट्रायलमध्ये त्यांनी “दाबा” असं एकदाही म्हटलं नाही. मला ते सहन होईना.

परत आल्यावर मी ओट्याशी उभ्या उभ्या चहा घेताना विचारलं, “दाजी, आत्तापर्यंत काय काय बदलून पाहिलंत?” त्यांनी सांगितलं. स्पार्क प्लगच्या टोकांमधलं अंतर कमी करून पाहिलं होतं. जास्तीच्या हवेनं निरांजन विझावं तशी ठिणगी विझते, म्हणून. मिसिंग थोडं कमी वाटलं, पण गाडी हिसके देतच राहिली, म्हणून अंतर पुन्हा होतं तेवढं केलं. पुढं टर्बोचा खालचा पाईप आणि तो आवळून धरणारा क्लॅम्प नवा टाकून पाहिला. हिसके कमी वाटले, पण मिसिंग राहिलंच. म्हणून जुना पाईप परत.

“मग दोन्ही एकदम करा की.”

“एकदम?” मी काही अभक्ष्य सुचवल्यासारखं त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

“माझ्या कुकरची शिट्टी होत नव्हती. मी रिंगही बदलली आणि शिट्टीही बदलली. भात झाला.”

“पण कशामुळं झाला?”

“ते मला आजही माहीत नाही. आम्ही जेवलो.”

दाजींनी कप खाली ठेवला. चहावर साय आली. मग अगदी हळू आवाजात, स्वतःलाच विचारावं तसं म्हणाले, “म्हणजे रोगच दोन होते?” बरोबर औषध त्यांच्या हातात दोनदा येऊन गेलं होतं, आणि दोन्ही वेळा त्यांच्या शिस्तीनंच ते परत ठेवायला लावलं होतं. मला वाटलं, आता त्यांना वाईट वाटेल. तर ते ताडकन उठले आणि चपला शोधायला लागले.

पुढच्या गुरुवारी भोसरीच्या रस्त्यावर ती गाडी अशी गेली की वॉचमन उठलेसुद्धा नाहीत. एक ढास नाही, एक हिसका नाही. दाजी डोकं आत घेऊन म्हणाले, “आता जुना पाईप परत लावून बघू, म्हणजे कशानं किती फरक—” मी गाडी थांबवली, चावी काढली आणि पर्समध्ये टाकली. “आता ताईंना विचारायचं.”

ताई पैठणीत आल्या नाहीत. कॉटनची साडी आणि पायात बूट. “चालत यावं लागलं तर?” म्हणाल्या. मला मागं बसवलं. साक्षीदार हवा म्हणे. खोपोलीला वडे खाल्ले, गाडी वळवली आणि चढ सुरू झाला. इतक्या गुरुवारांनी माझ्याही कानांना खोड लागली होती. मी ऐकत बसले. टर्बोची बारीक शीळ वाजत होती, ट्रक एकामागून एक मागं पडत होते. शिंग्रोबाच्या देवळापाशी दाजींनी एक हात सोडून नमस्कार केला. काहीतरी बोलायचं त्यांनी ठरवून ठेवलं होतं, हे मला मागून त्यांच्या खांद्यांवरून कळत होतं. वर खंडाळ्याला पोचल्यावर त्यांनी डावीकडं पाहिलं.

ताई झोपल्या होत्या. मान खिडकीला टेकलेली, तोंड जरा उघडं, मांडीवर अर्धवट सोललेलं संत्रं.

इतकी वर्षं धरून ठेवलेला घाट, आणि जिच्यासाठी धरला तिनं तो पाहिलाच नाही. मला ताईंना हलवून उठवावंसं वाटलं. पण आरशात दाजींचे डोळे मला शोधत होते. ते कुजबुजले, “वहिनी, झोपली! या गाडीत झोपली!”

ते खंडाळ्याला थांबले नाहीत, लोणावळ्याला थांबले नाहीत. निगडीला फाटकासमोर गाडी उभी केली, पण चावी फिरवून इंजिन बंद केलं नाही. फिरवली असती तर ताई जाग्या झाल्या असत्या. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टर्बो उतरवायचं ठरलेलं होतं. समोर आरपीएमचा काटा एका जागी उभा होता. दाजी स्टिअरिंगवर हात ठेवून त्याच्याकडं बघत बसले. माझे कपडे मशीनमध्ये ओले पडले होते, संध्याकाळची भाजी निवडायची होती. तरी मी मागचं दार उघडलं नाही. इंजिन चालू आहे की नाही, हे सीटवर तळहात ठेवल्याशिवाय कळत नव्हतं. मी तळहात ठेवून बसले.