माझी फुंकर

गाडी सुटायला आली तेव्हा आईनं खिडकीतून माझ्या हातात फडक्यात गुंडाळलेली लोखंडी फुंकणी दिली. लग्नाला महिना झाला होता, आमचे हे दिल्लीला केंद्र सरकारात कारकून होते, आणि भुसावळच्या फलाटावर सगळ्यांसमोर ती फुंकणी घेताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे हसू दाबत दुसरीकडे बघत होते. आई म्हणाली, "असू दे. दिल्लीतही चूल पेटवावी लागेलच की." माझी धाकटी बहीण शालू तिला बिलगून रडत होती.

तसा फुंकणीवर माझाच हक्क होता. आमच्या स्वयंपाकघराला खिडकी नव्हती. पावसाळ्यात कपाशीच्या वाळल्या काड्या, पऱ्हाट्या, ओल्या असायच्या, नुसत्या धुमसायच्या. मुलगे ओसरीवर पाढे म्हणायचे आणि मुली चुलीशी. हे कुणी ठरवलेलं नव्हतं, तसंच असायचं. सहाव्या वर्षापासून मी चुलीपुढे बसले, तान्ही शालू माझ्या मांडीवर. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि दर हिवाळ्यात दोघींना खोकला. पण आई म्हणायची, "कुसुमची फुंकर लागली की ओलं लाकूडसुद्धा पेटतं." त्या घरात मला मिळालेलं हे एकमेव सर्टिफिकेट. मी ते अजून विसरलेले नाही.

दिल्लीत सरकारी क्वार्टर मिळालं. आधी स्टो आला, मग गॅस. आई एकदाच आली. काडी लावताच निळी ज्योत उभी राहिली, तशी ती स्टुलावर बसून बघत राहिली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "तुझी फुंकर वाया गेली गं इथं." तेव्हा तिला बोलतानाही धाप लागत होती. दमा आहे, म्हणायचे सगळे. पुढं त्यातच ती गेली.

साठीनंतर माझाही श्वास अपुरा पडायला लागला, तेव्हा मी सरळ दिल्लीला नावं ठेवली. आपण इथली मराठी मंडळी ठेवतोच. दिवाळीनंतर समोरची बिल्डिंग दिसेनाशी झाली की मुलगा म्हणायचा, "आई, आज वॉक बिल्कुल बंद. हवा बघ ना यार." मी शालूला फोन करायचे, "या दिल्लीनं माझी छाती खाल्ली. मागची खोली झाडून ठेव. उरलेले दिवस गावच्या हवेत काढणार." हे वारल्यावर तर तोच एक ध्यास लागला. शालू दरवर्षी खोली झाडायची, मी दरवर्षी पंधरा दिवस राहून परतायचे. तिथं सकाळी चुलीचा वास आला की वाटायचं, आता कुठे श्वास घेतला.

यंदा कायमचं जायचं ठरवलं. त्याआधी मुलानं तपासणीला नेलं. तिथल्या मुलीनं माझ्या तोंडात एक नळी दिली आणि म्हणाली, "माताजी, पूरी साँस भरिए. अब जोर से फूँकिए. और, और, और..." मला हसूच आलं. म्हटलं, हे तर माझंच काम. मी फुंकलं. तिनं परत फुंकायला लावलं. तिसऱ्यांदा ती नुसतंच "कोई बात नहीं" म्हणाली, आणि मला रडू आलं.

डॉक्टरांनी कागद बघून दिल्लीबद्दल काही विचारलंच नाही. विचारलं, "बचपन में घर में चूल्हा जलता था? आप पास बैठती थीं?" मी सांगितलं. ते म्हणाले, वाढत्या वयात फुप्फुसं भरायची तशी भरलीच नाहीत. दिल्लीनंही हात लावला, पण ती नंतर आली. घरी आल्यावर मुलगा म्हणाला, "पण आजीला कळत नव्हतं?" मी म्हटलं, "आजी जन्मभर त्याच धुरात बसली होती रे. तिला कोण सांगणार होतं?"

संध्याकाळी शालूला फोन केला. ती गाव सोडून कधी कुठे राहिली नाही, तरी बोलता बोलता खोकत होती. हा खोकला मी कितीतरी वर्षं फोनवर ऐकत होते. कधी विचारलं नाही, कारण आजारी मी होते ना. आता विचारलं, "शालू, तुझ्याकडे गॅस असताना चूल कशाला पेटवतेस?"

"एरवी गॅसच असतो, ताई. तू यायची असलीस की पेटवते. तुला तो वास आवडतो म्हणून. आता कायमची येतेयस, तर परवाच पऱ्हाट्या भरून ठेवल्यात."

मी म्हटलं, "पऱ्हाट्या कुणाला तरी देऊन टाक. आणि आधी तू इकडे ये. तुझीही छाती तपासू, मग दोघी मिळून गावी जाऊ."

"दिल्लीच्या हवेत?" ती हसली, आणि हसता हसता पुन्हा खोकली.

पुढच्या आठवड्यात ती येतेय. फुंकणी अजून माळ्यावर आहे. खोटं कशाला बोलू, त्या धुराचा वास मला आजही हवा आहे. नुसता आठवला तरी आई शेजारी बसल्यासारखी वाटते. पण त्याच धुरात मी शालूला मांडीवर घेऊन बसले होते. तिला तिथून उठवलं, की मी घरी पोचले.