राहायलाच हवंय

घर आवडलं तरी आवडलं म्हणायचं नाही, अशी एजंटची सक्त ताकीद होती. "गरज दिसली की भाव चढतो," हे त्याने लिफ्टमध्येही बजावलं. म्हणून नायगावच्या त्या फ्लॅटमध्ये खाडीवरून येणाऱ्या वाऱ्याकडे दुर्लक्ष करून मी नळ सोडून बघत होते आणि नाक मुरडत होते. त्यात मी तशी तरबेज आहे.

मालक खाडीकाठचे शेतकरी. शेतावर टॉवर झाला तेव्हा जमिनीच्या बदल्यात बिल्डरने त्यांना शेजारशेजारचे दोन फ्लॅट दिले. एकात नवरा-बायको राहायचे. दुसरा मुलासाठी होता, पण तो पुण्यात रमला. म्हणून आता तो फ्लॅट विकायचा होता.

चहा त्यांच्याच घरी झाला. आम्ही भाव सांगण्याआधीच काकांनी विचारलं, "तुमी सोता राहनार का?"

"नाही, इन्व्हेस्टमेंट म्हणून बघतोय," माझ्या नवऱ्याने एजंटचं पढवलेलं वाक्य म्हटलं.

काकांनी कप खाली ठेवला. "मंग नाय जमनार."

एजंट गडबडला, चढ्या भावाचं बोलू लागला. काका ऐकेनात. मग काकूच बोलल्या. मजल्यावरचे बाकीचे दोन्ही फ्लॅट असेच कुणीतरी घेऊन कुलूप लावून ठेवले होते. गेल्या पावसाळ्यात काका बाजारात गेलेले असताना काकू बाथरूममध्ये घसरून पडल्या.

"घसा सुकला हाका मारून. पन ऐकाला कोन हाय हितं? गावातल्या घरी आख्खी आळी धावली असती."

मला राहवेना. "काकू, आम्हाला राहायलाच हवंय. भाड्याच्या घरांना कंटाळलोय आम्ही. आणि घर मला फार आवडलंय."

एजंटने कपाळाला हात लावला.

काकांनी आमचा आकडा विचारला. घासाघीस होणार म्हणून मुद्दाम कमी धरलेला तो आकडा नवऱ्याने चाचरत सांगितला. मला लाज वाटली. काकांनी काकूंकडे पाहिलं.

"हो बोला," काकू म्हणाल्या.

एजंट लगेच टोकनचं बोलू लागला. काकूंनी मला हाताला धरून पुन्हा त्या रिकाम्या फ्लॅटमध्ये नेलं, बेडरूमच्या भिंतीपाशी उभं केलं आणि स्वतः आपल्या घरात परतल्या.

"ऐकू येतं का गो पोरी?" भिंतीपलीकडून हाक आली.

"येतं," मी म्हणाले. पण ते इतकं हळू, की भिंतीपलीकडे पोचलंच नसणार. काकू उत्तराची वाट पाहत असतील म्हणून मी ओरडलेच, "येतं काकू, येतं!"