माह्या भाचीची तपासणी

माही भाची रुचिता चिखल्याची. बाप मँगनीजच्या खाणीत अन पोरगी बॉक्सिंगच्या रिंगणात. पैशाच्या लढती लढते. आजवर सहा जिंकल्या, सातवी पट्ट्याची होती. तो पट्टा कमरेले लागला का देशात एक नंबर!

लढतीच्या रात्री बंदीच्या औषधाची तपासणी होतेच, ते सक्तीची. पन या पोरीनं आपल्या मनानं जादाच्या तपासणीतही नाव टाकलं. रोज सकाळी एक तास कुठं सापडनार ते आधीच मोबाईलवर लिहून द्यायचं. लोक न सांगता येनार अन लघवी घेऊन जानार. मी त भडकलोच. "समोरच्या पोरीनं घेतलं काय हे अंगावर? नाही ना! मंग तूच काहून आ बैल मुझे मार करून राहिली?" तिनं हसून सोडून देल्लं.

लढतीच्या महिनाभर आधी ती आमच्याकडे मोहाडीजवळ आली, धानाच्या बांधा-धुऱ्यावर पळायले. वजन उतरवू उतरवू गालफडं बसलेली. मामाचा जीव, राहवते काय? रोवणीच्या दिवसात आमच्याकडचे लोक बाजारातल्या वैदूची ताकदीची पुडी घेतात, मंग दिवसभर वाकून कंबर धरत नाही. तेच पुडी मी चार दिवस तिच्या दुधात कालवली. तिले सांगितलं नाही, कारण ती बाहेरचं कायलेच हात लावत नव्हती. मोठा शहाणा मी!

पाचव्या दिवशी सकाळी सहाले एक बाई अन एक मानूस दारात उभे. डबी, कागद, सारं घेऊन. मी रुचिताले गोठ्यात ओढलं अन सारं सांगून टाकलं.

"मागच्या दारानं जाय बाई. घरी नाही म्हनून सांगतो. एकदा चुकलं त काही होत नाही. लढतीले महिना आहे, तोवर सारं निघून जाते अंगातून."

ती मंग म्हने, "मामाजी, मी त्या पोरीच्या डोक्यावर ठोसे मारनार आहो. पळायची शर्यत नाही ते. मेली त?"

"अन तिनंच काही घेतलं असन त?"

"तिचं ती पाहीन. उरलेली पुडी द्या."

तिनं डबी भरून देल्ली. कागदावर लिहिलं, चार दिवस ताकदीची पुडी पोटात गेली, सोबत देत आहे. माहं नाव कुठंच नाही! बापा रे, कोन्या मातीची पोरगी! मलेच लाज वाटली. त्या बाईले म्हनलं, "पुडी मी घातली. माहं नाव लिहा." तिनं लिहून घेतलं.

पुडीत बंदीचं औषध निघालं. पट्ट्याची लढत दुसऱ्या पोरीले भेटली. नकळत झालं म्हनून रुचिताले सहा महिन्यांचीच बंदी लागली. गावात लोक अजूनही मले इचारतात, कायले पायजे होती हे जादाची तपासणी? मी भांडत नाही आता. त्या सकाळी मी गोठ्यात उभा होतो, मले मालूम आहे.

आमच्याकडे मामानं भाचीच्या पाया पडायची रीत आहे. ती पाळण्यात होती तवापासून पडतो. हात लावला, मोकळा झालो. बंदीचा कागद पिशवीत घालून ती चिखल्याले निघाली, तवा तसाच वाकलो, अन मले उठताच येईना.

"उठा ना मामाजी," ती म्हने, "बस सुटन."